पंचवीस शेकांची मुंबई

गिरगाव

आमच्या बेळगावातून मुंबईला जाऊन आलेली माणसं राणीच्या बागेतल्या वाघाचं आणि चौपाटीवरच्या गर्दीचं वर्णन करतात. मी पावणेतीन महिने मुंबईत राहून आले आणि यातलं एकही पाहिलं नाही. घरच्यांनी आळीत सांगितलं होतं की मी हवापालटाला गेले आहे. मुंबईला कोणी हवापालटाला जात नाही हे आळीतल्या सगळ्यांना कळत होतं, पण कोणी विचारलं नाही आणि मीही परत आल्यावर दीड-दोन वर्षं काही बोलले नाही. आता मात्र ते खरंखुरं लिहायचं ठरवलं आहे.

मी शिवणाचा वर्ग चालवते. बायकांची मापं घेता घेता माझी हयात गेली. पण माझ्या स्वतःच्या छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली, तेव्हा चार महिने मी ती कोणाला सांगितली नाही. शेवटी ह्यांच्या लक्षात आलं की मी कडेवर धाकट्याला डाव्या बाजूला घेत नाही. आमच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ परळच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली.

मुंबईत आम्ही उतरलो ते ह्यांच्या गोदाआत्यांकडे. गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दोन खोल्या. यजमान सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, ते जाऊन दहा वर्षं झालेली. मुलगा नोकरीसाठी दिल्लीला. आत्या साठीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. मासे आवडीने खायच्या, पण स्वयंपाक मात्र सोवळ्यात. बोंबील तळतानाही त्यांच्या ओच्याला कोणी शिवलेलं चालायचं नाही. आम्हा बेळगावकडच्यांना या सोवळ्याचं हसू यायचं, पण ते मनातल्या मनात.

त्यांच्या हातचं वालाचं बिरडं मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आमच्याकडची आमटी अगदीच रोड वाटली. सगळ्यात नारळ. भाजीत नारळ, आमटीत नारळ, भाकरीऐवजी जे घावन करतात त्याच्यासोबतही नारळाचाच रस. मी म्हटलं की आमच्याकडे एवढ्या नारळात चार लग्नं होतील. आत्या हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वाढताना त्यांनी रसाची वाटी माझ्यापुढे सरकवून ठेवली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. वाडीच्या तोंडाशी फळा होता, त्यावर रोज खडूने काहीतरी नवं लिहिलेलं असायचं आणि संध्याकाळी पोरं घोषणा देत फेरी काढायची. मी बेळगावची आहे हे कळल्यावर शेजारचे लोक येऊन विचारायचे, "काय वहिनी, तुमचं बेळगाव कधी येणार?" जसं काही ते मी ट्रंकेत घालून आणायला विसरले होते.

परळ

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. पंधरा दिवस मी वॉर्डात होते. भूल उतरल्यावर पहिल्यांदा हात छातीकडे गेला तो पट्ट्यांवरून सपाट फिरला, एवढं आठवतं. हे स्टुलावर बसले होते. ते शाळेत चित्रकला शिकवतात, दिवसभर बोलतात; त्या दिवशी त्यांनी मला संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या आणि बियासुद्धा काढल्या. त्यांची रजा संपली तशी ते मुलांकडे परत गेले. टाके निघाल्यावर मी आत्यांकडे आले, आणि जखम भरल्यावर डॉक्टरांनी विजेचे, म्हणजे क्ष-किरणांचे, शेक सांगितले. पंचवीस शेक, रविवार सोडून रोज एक. खाडा करायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

शेकाच्या खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक होतं. पहिल्या दिवशी मी त्याच्या अगदी टोकाला, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसले. छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या होत्या, त्या पुसू द्यायच्या नव्हत्या. मी इतक्या वर्षांत किती कापडांवर खडूने रेघा मारल्या असतील. आता मीच कापड झाले होते.

शेजारी एक काळीसावळी, उंच बाई येऊन बसली. काष्टा घातलेली, हातात पिशवी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "डावी का उजवी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा रडू यायच्या ऐवजी मी सरळ उत्तर दिलं, की डावी.

"माझी उजवी," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. हात वर करा बघू."

मी हात खांद्यापर्यंतही नेऊ शकले नाही. तिने मला उठवून भिंतीशी उभं केलं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायला लावली. जिथे थांबली तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली. उद्या हिच्यावर गेली पाहिजेत, म्हणाली. त्या भिंतीवर आधीच कितीतरी खुणा होत्या. इस्पितळाच्या सिस्टरही हे करायला सांगत, पण सिस्टरच्या अंगावर व्रण नव्हता; हिने तिथल्या तिथे आडोशाला नेऊन मला स्वतःचा दाखवला. एक लांब, पांढरा, नीट भरलेला व्रण. मी पाहिला आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे भरून येतं, माणूस यानंतर कामावर जातं, पिशवी घेऊन चालतं.

त्या हौसाबाई. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायच्या आणि मिलमध्ये सुताची रिळं भरायच्या खात्यात कामाला होत्या. त्यांची दुपारपाळी असली की सकाळी कामावर जायच्या आधी, आणि सकाळपाळी असली की सुटल्यावर, त्या या बाकावर येऊन बसायच्या. त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलायला नव्हतं, म्हणून. कोणी नवी बाई घाबरून आली तर तिची गाठ त्या हाताने चाचपूनही पाहायच्या, हे मी घरी आत्यांना सांगितलं होतं.

त्याच बाकावर मला मंदा भेटली. लालबागची, तेवीस-चोवीस वर्षांची, अंगावर पिणारं मूल असताना गाठ निघालेली. ती कोणाशी बोलत नसे. हौसाबाई तिला रोज विचारायच्या, पोराने काय खाल्लं, किती दात आले, आणि ती एका शब्दात सांगायची. आठ दिवसांनी तिने आपण होऊन सांगितलं की आज पोराला चौथा दात आला. त्या दिवशी हौसाबाईंनी आम्हा दोघींना इस्पितळासमोरच्या इराण्याकडे चहा पाजला.

लालबाग

दहावा की अकरावा शेक झाला त्या दिवशी मंदा आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. लालबागच्या गल्लीत शिरताच मला शिंका सुरू झाल्या. मिरच्या कांडायच्या गिरण्या ओळीने, हवेत लाल धूळ. प्रत्येक शिंकेला माझ्या छातीवरचा व्रण ओढल्यासारखा व्हायचा, म्हणून मी एका हाताने जागा दाबून धरून शिंकत होते आणि हौसाबाई माझ्या पाठीवर हात ठेवून चालत होत्या. समोरून येणाऱ्याला वाटलं असेल, ही बाई कोणाच्या मयताला निघाली आहे.

मंदाची आई मालवणकडची. आम्ही तिघी दारात दिसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने ते पुसलं आणि म्हणाली, "आधी जेवया. मगे रडाक येळ आसा."

बांगड्याचं तिखलं होतं, त्यात तिरफळं. ते तिरफळ मी चावलं आणि जीभ बधीर झाली. त्यांना हसू आवरेना. तिरफळ खायचं नसतं, बाजूला काढायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मंदा हसली ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

जेवणानंतर तिने मनातलं सांगितलं. इस्पितळात एक सर्जन तिला म्हणाले होते की वर्षभराने तब्येत चांगली राहिली तर पोटाची कातडी सुरळीसारखी वळवून, टप्प्याटप्प्याने वर सरकवून, छातीवर नवा उभार करता येतो. चार-पाच ऑपरेशनं लागतील. हुबेहूब होणार नाही, पण सपाट राहणार नाही. हौसाबाईंना ते मुळीच पटलं नाही. एकदा कापून घेतलंय ते जिवासाठी, आता रूपासाठी कशाला, असं त्या म्हणाल्या. मंदाचा नवरा तुकाराम दारात पोराला घेऊन उभा होता. भला माणूस. तो हळूच म्हणाला की त्याला काही फरक पडत नाही, तिने उगाच त्रास करून घेऊ नये.

मंदा त्याच्याकडे वळली. "तुमका नको, ह्या माका ठाऊक आसा," ती म्हणाली. "पण माका व्हया आसात तर?"

मी एवढंच म्हटलं की वर्ष जाईपर्यंत मी तुला आतून घालायला काहीतरी शिवून देते.

दादर

शिवून देते म्हटलं खरं, पण अशी वस्तू मी कधी शिवली नव्हती. हौसाबाईंनी स्वतःपुरती केलेली होती: जुन्या लुगड्याची पिशवी, आत बाजरी. नुसता कापूस भरला तर ती बाजू हलकी राहते, खांदा वर चढतो, म्हणून वजन हवं, हे त्यांनी स्वतः शोधलं होतं. त्यांनी मलाही तशीच एक दिली. ती घालून मी, हौसाबाई आणि मंदा दादरला मऊ मांजरपाट आणायला गेलो.

दुकानात पांढरीशुभ्र गादी. आम्ही तिघी बसलो, दुकानदाराने तागे उलगडले. मी एक तागा ओढायला वाकले आणि मला जाणवलं की पोटावरून काहीतरी घरंगळतंय. गादीवर बाजरी सांडत होती. आधी चार दाणे, मग धारच लागली. दुकानदार बिचारा आमच्या पिशव्यांकडे बघत म्हणाला की बाई, तुमची दळणाची पिशवी फाटलीय. हौसाबाईंनी जराही न बिचकता हो म्हटलं, पदराने दाणे गोळा केले आणि त्याच्याकडून पुडी बांधायला कागद मागून घेतला. आम्ही कापड घेऊन बाहेर आलो, आणि कोपऱ्यावर एका जिन्यात बसून तिघी इतक्या हसलो की मंदाला उचकी लागली.

माझा संताप शिवणीवर होता. मी हौसाबाईंना स्पष्ट सांगितलं की असा एकेरी धावदोरा घातला तर माझ्या वर्गातल्या पहिल्या महिन्याच्या मुलीसुद्धा नापास होतील. शिवाय बाजरीला घाम लागून किडे होतात, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. वजनासाठी दुसरं काहीतरी हवं होतं. मग हौसाबाईंनाच वरळीच्या कोळणी आठवल्या. त्यांच्या जाळ्यांना खाली शिशाच्या गोळ्या असतात, पाण्याने बिघडत नाहीत, किडत नाहीत. त्या म्हणाल्या, मी आणून देते.

दोन दिवसांनी त्या गोळ्या घेऊन गिरगावात आल्या. आत्यांनी दार उघडलं. मी आत मापाचे कागद कापत होते. गोळ्या छान होत्या, वाटाण्याएवढ्या, धुऊन आणलेल्या. आत्यांनी चहा केला. मला नेहमीच्या कपात दिला, आणि हौसाबाईंना मोरीजवळच्या फळीवरचा, कान तुटलेला कप. आडनाव विचारून झालं होतं, कुठे राहता हेही विचारून झालं होतं.

मी ते पाहिलं. मी काही बोलले नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी यांच्या घरी पाहुणी आहे, अजून बारा शेक राहिले आहेत. हौसाबाईंनी चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी मला रोजच्यासारखी भिंतीवर बोटं चढवायला लावली. मग म्हणाल्या, "गेल्या साली आम्ही ते सगळं सोडलं. बुद्धाचं झालो. आता त्या कपात मी परत चहा घेणार नाही. तुम्हाला यायचं तर माझ्या घरी या."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी राहू द्या, हात अजून वर न्या. माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता याची लाज मला त्या शेकांपेक्षा जास्त दिवस जाळत राहिली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

मंदासाठी मी नवी वस्तू शिवली. आत पिंजलेला कापूस, मध्ये मलमलीच्या छोट्या पुरचुंडीत गोळ्या, खालच्या बाजूला जास्त आणि वर कमी, भोवती दुहेरी शिवण, आणि चोळीला आतून टाचायला तीन नाड्या. घालून तिने आत्यांच्या आरशात पाहिलं, बाजूला वळली, पुन्हा पाहिलं. मग माझा हात दाबला. आत्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी ती वस्तू हातात घेऊन तिचं वजन पाहिलं आणि विचारलं, की हिने दुखत नाही ना. मला ते नुसतं कुतूहल वाटलं.

हरताळ

अठराव्या शेकाच्या दिवशी मुंबई बंद होती. आदल्या संध्याकाळीच वाडीत बातमी आली की हरताळ आहे, ट्राम नाही, बस नाही, दुकानं उघडणार नाहीत. मला रात्रभर झोप नाही. खाडा करायचा नाही हे डॉक्टरांचं वाक्य कानात होतं. इस्पितळ चालू असणार, पण मधले चार मैल कसे जायचे? माझ्या अंगात जिना चढायचं बळ नव्हतं.

सकाळी आत्यांनी नऊवारीचा काष्टा मारला, एका डब्यात घावन बांधले आणि म्हणाल्या, चल.

आम्ही चालत निघालो. इतके रिकामे रस्ते मी मुंबईत पाहिले नव्हते. ट्रामच्या रुळांमधून माणसं शांतपणे चालत होती, जणू नदीच्या पात्रातून. दर पाचशे पावलांवर आत्या मला एखाद्या पायरीवर बसवायच्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो तर वरून एका बाईने विचारलं, कुठे निघालात. आत्या म्हणाल्या, बेळगावची आहे, इस्पितळात जायचंय. त्या बाईने खाली येऊन आम्हाला लिंबाचं सरबत दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू सीमाभागाची सगळी लढाई मीच लढून दमले होते. मी तो मान गप्प राहून घेतला.

भायखळ्याच्या पुढे वातावरण बदललं. लालबागला रस्त्यावर दगड पडले होते, कोपऱ्यावर पोलिसांच्या गाड्या. कुठूनतरी आरडाओरडा येत होता. तेवढ्यात एका गल्लीतून तुकाराम धावत आला. मंदाला तो सकाळीच पोहोचवून आला होता आणि तिने त्याला आमची वाट बघायला परत पाठवलं होतं. त्याने आम्हाला चाळींच्या मागच्या बोळांतून, धुण्याच्या दोऱ्यांखालून, एका घराच्या पुढच्या दाराने आत आणि मागच्या दाराने बाहेर असं करत परळला आणलं. त्या घरातली माणसं जेवत होती. त्यांनी नुसते पाय आवरून वाट दिली.

बाकावर मंदा आणि हौसाबाई बसल्या होत्या. मिल बंद, म्हणून हौसाबाई वरळीहून चालत आल्या होत्या. शेक देणारे गृहस्थही चालत आले होते, कुर्ल्याहून. माझा अठरावा शेक झाला.

बाहेर आलो तर परतीचा रस्ता बंद झाल्याचं कळलं. लालबागकडे अश्रुधूर सोडला होता. मंदाचं पोर आजीजवळ होतं, पण तिच्या घरी जाणं शक्य नव्हतं, गिरगाव तर लांबच. हौसाबाई म्हणाल्या की माझ्याकडे चला, वरळीकडे शांत आहे. हे त्यांनी मला आणि मंदाला सांगितलं. आत्यांकडे त्या बघत नव्हत्या.

आत्या म्हणाल्या, "मीही येते, चालेल ना?"

"या की," हौसाबाई म्हणाल्या.

मला पुढे चालवेना. तुकारामाने ओळखीच्या माणसाची हातगाडी आणली. तिच्यावर गोणपाट घालून मला बसवलं, आणि मी मुंबईत पहिल्यांदाच ऐसपैस बसून दोन्ही बाजूंच्या इमारती बघत प्रवास केला. राजवाड्यातली राणीही अशी कधी गेली नसेल.

वरळी

बीडीडी चाळी म्हणजे एकासारख्या एक, दगडी पेटाऱ्यांसारख्या इमारती. मधल्या लांब बोळात दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक दारात चूल, पाट, माणसं. हौसाबाईंची एकच खोली, पण इतकी स्वच्छ की भांड्यांत तोंड दिसावं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांनी तुकारामाला आणि स्वतःच्या मुलाला बाहेर पाठवलं, चटया घातल्या आणि मला आडवं केलं. मंदाने माझे पाय चेपायला घेतले.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं. मग सरळ हौसाबाईंना म्हणाल्या, "ही म्हणते, तुमच्या हाताला कळतं. माझं बघाल का?"

मी उठून बसले. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पदर खाली घेतला, चोळीची गाठ सोडली आणि डोळे मिटले. हौसाबाईंनी हात धुतले, पुसले, आणि त्यांच्याजवळ बसून चार बोटांनी सावकाश चाचपून पाहिलं. काखेतही पाहिलं. ज्या बाईच्या पदराला बोंबील तळताना मी शिवू शकत नव्हते, ती तिथे तशी बसली होती.

"केव्हापासनं?" हौसाबाईंनी विचारलं.

दीड वर्ष, आत्या म्हणाल्या. म्हणजे मी आले त्याच्या कितीतरी आधीपासून. मी त्यांच्या घरात राहून रोज शेकाला जात होते आणि त्या मला बिरडं वाढत होत्या.

हौसाबाईंनी त्यांची चोळी नीट बांधून दिली. गाठ आहे, पण हलते आहे, काखेत काही लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. खरं काय ते डॉक्टर सांगतील, उद्या माझ्याबरोबर चला. आत्या म्हणाल्या, "त्या दिवशीचा तो कप..."

"ते नंतर बोलू," हौसाबाई म्हणाल्या. "आधी डाक्टर."

ते नंतर त्या दोघी बोलल्या का, काय बोलल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी आत्यांना एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर तू तुझे शेक सोडून माझ्यामागे लागली असतीस.

संध्याकाळी भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा असं जेवण झालं. आत्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि चटणीत नारळ नाही तरी चव आहे, असं म्हणाल्या. हौसाबाईंनी तो अपमान समजायचा की कौतुक, हे ठरवायला माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की कौतुक.

पुन्हा परळ

आत्यांचं ऑपरेशन माझा शेवटचा शेक झाल्यावर चार दिवसांनी झालं. दिल्लीहून मुलगा आला. मी परत जाणं पंधरा दिवस लांबवलं. आत्यांना भुलीनंतर उलट्या होत होत्या तेव्हा मी एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला हौसाबाई, पाळी बदलून घेऊन आलेल्या. मुलाने विचारलं की या कोण. आत्या अर्धवट शुद्धीत होत्या, तरी म्हणाल्या, "माझ्या आहेत."

मी निघाले त्या दिवशी मंदा स्टेशनवर आली. पोराला पाच दात झाले होते. तिने सांगितलं की तिने ठरवलंय, वर्षाने ती ते ऑपरेशन करून घेणार. तुकाराम हो म्हणाला होता. हौसाबाई अजून नाहीच म्हणत होत्या, पण पोराला त्या काळात मी सांभाळीन असंही त्यांनीच सांगितलं होतं.

बेळगाव

घरी आल्यावर पहिल्या रात्री मी ह्यांना दाखवलं. दाखवायचं ठरवूनच आले होते, नाहीतर पुढे धीर झाला नसता. ते कंदील जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिले, चित्र बघावं तसं. मग विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, पावसाळी हवेत ओढतं. त्यांनी तळहात त्यावर ठेवला आणि आम्ही तसेच झोपलो.

पत्रं येत राहिली. आत्या बऱ्या आहेत, आता वॉर्डातल्या गिरगावकरणींना त्या घावन करून नेतात. हौसाबाईंना लिहिता येत नाही, त्यांचा मजकूर मंदा लिहिते आणि त्यात स्वतःच्या ओळी घालते. वर्ष उलटल्यावर मंदाची तीन ऑपरेशनं झाली. एकदा कातडी काळी पडायला आली होती, ती वाचली. तिच्या शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की आकार सारखा नाही, जरा ओबडधोबड आहे, पण आता ब्लाउजला दोन्ही बाजूंना उभारासाठी टक घालावे लागतात, तेव्हा माप पाठवते, तुम्हीच शिवून द्या. खाली हौसाबाईंचा निरोप होता: चांगलं झालंय, मी चुकले होते, पोराने मला फार छळलं.

ते ब्लाउज मी कापत होते त्या दुपारी आमच्या पलीकडच्या आळीतली एक बाई वर्गात आली. तिची माझी फक्त तोंडओळख. पोलकं शिवायचंय म्हणाली. मी टेप घेतली तर ती मागे सरकली. वर्गातल्या मुली जाईपर्यंत ती कोपऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, "तुम्ही हवापालटाला कुठं गेला होता, ते मला सांगाल?"

मी दार लावलं आणि तिच्याजवळ बसले. विचारलं, "डावी का उजवी?"

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी मुंबईच्या गाडीत बसलो.